लक्ष्मीबाईंची चूल

मीठ धुवून घ्यायचं म्हटलं तर हातात उरणार किती? पण नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या घरात ते धुवून घेत. साखरेचीही तीच गत. बाजारातल्या जिनसाला कुणाचा हात लागला असेल याचा नेम नाही, म्हणून पाण्यातून काढल्याशिवाय तो घरात येत नसे. घरधन्याच्या डोक्यात सोवळ्याचं हे वेड शिरलं अठराशे सत्तावन्नच्या धामधुमीनंतर. त्यांच्या सासऱ्यांना इंग्रजांनी फासावर चढवलं आणि त्या धक्क्यानंतर या माणसाला जिकडेतिकडे विटाळच दिसू लागला. हाल झाले ते बायकोचे आणि पोरांचे. त्या घरात १८६८ साली जन्मलेली मनकर्णिका ऊर्फ मनू अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांची बायको लक्ष्मी झाली, आणि पुढे मराठी ख्रिस्ती समाजाची सगळ्यात मोठी लेखिका.

लक्ष्मीबाईंबद्दल सांगायला बसलेला माणूस बहुधा टिळकांपासून सुरुवात करतो. मी चुलीपासून करते. कारण या बाईंच्या धर्माचे सगळे टप्पे स्वयंपाकघरात पार पडले. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, कुणाला आपल्या पंक्तीला घ्यायचं, कुणाची उष्टी काढायची, कुणाच्या पोराला पोटाशी धरायचं. त्यांना कधी पाळकाची दीक्षा मिळाली नाही, व्यासपीठाचा अधिकार मिळाला नाही, धर्मशास्त्राच्या वर्गातही त्या बसल्या नाहीत. शाळेचं तोंडसुद्धा धड पाहिलं नव्हतं. तरी ख्रिस्ती मंडळीला जे त्यांनी दिलं ते कित्येक दीक्षित पाळकांना देता आलं नाही.

मी नगरची. शाळेत मराठी शिकवण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. आमचे पूर्वज राहुरीकडच्या एका गावच्या महारवाड्यातले. पणजी दुष्काळात पोरकी झाली आणि मिशनच्या बोर्डिंगात वाढली, एवढं आजीकडून ऐकलेलं. त्यामुळे ‘स्मृतिचित्रे’ हे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र मी दोन जागांवरून वाचते. एक जागा वर्गातली, टेबलामागची. दुसरी त्या काळातल्या अंगणातली, जिथे माझ्या पणजीसारखी एखादी पोर उभी आहे आणि तिच्या हातचं पाणी घरातली बामणीण घेईल की नाही, याचा निकाल लागायचा आहे. पहिल्या जागेवरून पुस्तकाबद्दल पुष्कळांनी लिहिलं. मला दुसऱ्या जागेवरून काय दिसतं ते सांगायचं आहे.

त्यासाठी नगरची मंडळी कशी उभी राहिली ते थोडं सांगितलं पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले. १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणं केलं, आणि इथूनच १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं. सुरुवातीच्या काळात इथे ब्राह्मणांतूनही काही जण ख्रिस्ती झाले. हरिपंत खिस्ती, रामकृष्णपंत मोडक ही त्यांतली ठळक नावं. दोघेही पुढे पाळक झाले. पण मंडळी वाढली ती गावोगावच्या महार-मांगांमुळे. पाळक आणि लिहिणारे पुष्कळदा वरच्या जातींतून आलेले, बाकांवर बसणारे बहुतेक गावकुसाबाहेरून आलेले, अशी ही रचना होती. मिशनचा दंडक असा की जात सोडल्याशिवाय बाप्तिस्मा नाही. आणि जात सोडली याची परीक्षा कुठे? प्रभुभोजनाच्या मेजापाशी. एक भाकर, एक प्याला, सगळ्यांनी त्यातूनच घ्यायचं. उपदेश ऐकून मान डोलावणं सोपं होतं. महाराच्या ओठांना लागलेला प्याला आपल्या ओठांना लावणं, खरी अडचण तिथे होती. म्हणजे नगरमध्ये ख्रिस्ती होण्याचा प्रश्न पहिल्यापासून ताटावाटीचाच होता.

टिळकांना ही अडचण जाणवली असेल, पण ते कवी आणि झपाटलेले. १८६१ साली कोकणातल्या करजगावी जन्मलेला हा माणूस संस्कृतचा अभ्यासक, तापट, उदार आणि घरसंसाराच्या बाबतीत अगदी बेभरवशाचा. नोकरी धरायची, सोडायची, सांगून निघून जायचं, न सांगताही जायचं. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक गोरा गृहस्थ भेटला. कवितेच्या गप्पा झाल्या. निघताना त्याने नवा करार हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळकांनी ते पुस्तक वाचलं, त्यावर रात्री जागवल्या, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला विचारलं नव्हतं. बायको आणि लहानगा मुलगा दत्तू मागेच राहिले.

लक्ष्मीबाईंच्या बाजूने हा आकांत होता. नवरा जिवंत आहे, पण ज्ञातीच्या हिशेबी मेलेला. कुंकू ठेवायचं का? त्याचं नाव घ्यायचं का? त्यानंतरचा काळ त्यांनी पंढरपुरात नातेवाइकांच्या आधाराने काढला. शोकाने त्यांचं डोकं फिरायची वेळ आली. टिळकांची पत्रं येत, विनवणीचीही आणि रागाचीही. याच काळात त्यांच्या हातून कवितेच्या ओळी उतरल्या. शिकवणारा कुणी नव्हता. लहानपणापासून कानावर पडलेल्या ओव्या आणि अभंग हेच त्यांचं शिक्षण. मराठी बाईला दुःख मांडायला जात्यावरची ओवी पुरते; ती शिकायला शाळा लागत नाही.

अखेर त्या नगरला आल्या. पण ख्रिस्ती व्हायला नव्हे, नवऱ्यापाशी राहायला. आणि येताना सोवळं बरोबर घेऊन आल्या. नवरा मिशनचा माणूस, घरात ख्रिस्ती लोकांची ये-जा, आणि बाईंचं पाणी वेगळं, भांडी वेगळी, चूल वेगळी. एकाच संसारात दोन धर्म नांदत होते आणि मधली सीमारेषा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर होती. लक्ष्मीबाई हा सगळा काळ सांगताना स्वतःची भरपूर थट्टा करतात. शिवाशिव चुकवताना उडालेली तारांबळ, मनात नसताना पाळलेले नियम, नियम मोडल्यावर आलेलं भय, सगळं त्या हसतखेळत सांगतात. वर्गात मुलंही खदखदून हसायची. मी हसायची, पण जरा उशिराने. ज्याच्या सावलीने तारांबळ उडते, त्या माणसाला त्या वेळी हसू आलं असेल का, हा विचार मला आधी यायचा.

आणि तरी या पुस्तकावर मला राग धरता येत नाही. त्याचं कारण पुढे आहे. लक्ष्मीबाईंनी जात सोडली ती कुणाच्या आग्रहाखातर नव्हे. टिळकांनी तो विषय लावून धरला असता तर बाई हट्टाला पेटल्या असत्या, एवढा त्यांचा स्वभाव त्यांनीच आपल्याला सांगितला आहे. त्यांनी स्वतःच विचार केला. देवाने जनावरांच्या जाती वेगवेगळ्या घडवल्या, त्या डोळ्यांना दिसतात. माणसामाणसांत तसा फरक कुठे दिसतो? मग ही जात देवाची नव्हे, माणसाचीच करणी. एवढा साधा युक्तिवाद. त्यात ना येशूचं नाव ना शास्त्राचा आधार. पण एकदा निकाल लागल्यावर बाईंनी मागे पाहिलं नाही. कुणाच्याही हातचं खाईन-पिईन असं ठरवलं आणि तसं केलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आमच्या मंडळीत साक्ष द्यायची एक ठरलेली रीत आहे. आधी पापाची जाणीव, मग तारणाऱ्याची ओळख, मग पालट, आणि मग वागणुकीत बदल. लक्ष्मीबाईंचं उलटं झालं. आधी पाण्याचा पेला बदलला, मग देव. आणि असं झालं म्हणूनच तो बदल टिकला. नगरच्या ख्रिस्ती समाजात जातीचा काटा पूर्ण गेला असं कुणी म्हणू नये. लग्न जमवायच्या वेळी ‘मूळचे कुठले’ हा प्रश्न आजही हळूच विचारला जातो, आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. प्रभुभोजनाचा प्याला महिन्यातून एकदा; घरचा पेला रोजचा. लक्ष्मीबाईंनी रोजच्या पेल्याचा निकाल आधी लावला.

मग त्या चुलीची काय दशा झाली बघा. बाप्तिस्म्याच्या आसपासच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. नगर जिल्हा आधीच कोरडा, त्यात पाऊस बुडालेला. मिशनच्या बोर्डिंगांत पोरक्या मुलांची भर पडत गेली. माझी पणजी त्यांतलीच. टिळक तेव्हा राहुरीला होते; त्यांच्या घरातही मुलं येऊन राहिली. टिळक कुणाही पोराला घेऊन घरी यायचे, आणि ‘हे आता आपल्याकडे’ म्हणायचे. म्हणणारे टिळक, पीठ कुठून आणायचं, निजवायचं कुठे, खरूज कशी बरी करायची आणि उवा कशा काढायच्या, ते बघणाऱ्या लक्ष्मीबाई. टिळकांचा परोपकार लोकांनी पाहिला आणि त्यावर लिहिलं. तो परोपकार संध्याकाळी सातला शिजवून वाढावा लागतो, हे लक्ष्मीबाईंच्या पुस्तकाइतकं स्पष्ट मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

नगरमध्ये प्लेग आला तेव्हाही तेच. शहर ओस पडायचं, लोक माळावर झोपड्यांत जायचे. गाठ आलेल्या माणसाजवळ सख्खे नातेवाईक थांबत नसत. अशा वेळी बोर्डिंगमधल्या आजारी मुलींबरोबर प्लेगच्या छावणीत जाऊन राहायला लक्ष्मीबाई पुढे झाल्या. विटाळाच्या भीतीने मीठ धुणाऱ्या घरातली मुलगी परक्या पोरींच्या गाठी शेकत बसली. इथे मला त्यांच्या वडिलांची कीव येते. त्यांचं सोवळं हे मुळात भयच होतं. मुलीने त्या भयालाच हात घातला.

टिळक १९०४ मध्ये दीक्षित पाळक झाले. पाळकाच्या बायकोला ‘पाळकीणबाई’ म्हणायची पद्धत आमच्यात आहे, आणि त्या एका शब्दात केवढं फुकटचं काम दडलेलं असतं ते ज्या घरात पाळक आहे त्या घराला विचारा. मंडळीतल्या बाळंतिणीकडे जायचं, भांडणं मिटवायची, नाताळाच्या आधी करंज्या-शंकरपाळ्यांना हात लावायचा, परगावच्या पाहुण्यांची वळकटी आपल्या पडवीत टाकायची. याचा पगार नसतो आणि अहवालात नोंदही नसते. मिशनचे जुने अहवाल काढून बघितले तर किती शाळा, किती बाप्तिस्मे, किती वर्गणी, याचे तक्ते असतात. किती भाकऱ्या, याचा तक्ता नाही.

मंडळीसाठी टिळकांनी केलेलं सगळ्यात मोठं काम गाण्याचं. त्यांच्या आधी उपासनेत इंग्रजी चालींवर बेतलेली गीतं मोठ्या प्रमाणावर असत. मराठी शब्द परक्या चालीत कोंबले की ऱ्हस्वाचं दीर्घ होतं आणि म्हणणाऱ्याची जीभ अडखळते. कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी देशी वळणाची गीतं आणि कीर्तनं आधीच सुरू केली होती. टिळकांनी तो प्रवाह मोठा केला. अभंग, ओवी, पदं या सगळ्यांतून ख्रिस्ताचं भजन आलं. आजही ‘उपासना संगीत’ उघडलं की टिळकांचं नाव पानोपानी दिसतं. अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्या बायकाही ती गीतं पाठ म्हणायच्या. माझ्या आजीला शास्त्रातली वचनं कमी आणि टिळकांची पदं जास्त येत. दळताना तिच्या तोंडी जे येई त्यात तुकोबा कुठे संपतो आणि टिळक कुठे सुरू होतात हे मला लहानपणी कळत नसे.

ही गाणी पहिल्यांदा कुणाच्या कानांवर पडत असतील? घरातल्याच. लक्ष्मीबाईंचं पुढचं वाङ्मयीन शिक्षण या घरगुती ऐकण्यातून झालं. त्यांच्या एका प्रसिद्ध कवितेचं नाव ‘करंज्यांत मोदक’. उपमा शोधायला बाई स्वयंपाकघराबाहेर गेल्याच नाहीत. टिळकांच्या घरी कवींचीही वर्दळ असायची. त्यांतला सगळ्यांत लाडका त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी. तो नगरला त्यांच्या घरी पोटच्या मुलासारखा राहिला. ब्राह्मणाचा मुलगा ख्रिस्ती घरात राहतो, जेवतो, रुसतो, आणि ज्या बाईने काही वर्षांपूर्वी स्वतःच्या नवऱ्यापासून चूल वेगळी ठेवली होती ती त्याची मनधरणी करते. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेला. त्याच्याबद्दल लिहिताना लक्ष्मीबाई त्याच्या कवितेची थोरवी गात बसत नाहीत. पोराचा स्वभाव सांगतात, खोड्या सांगतात. बालकवींवरच्या समीक्षेने माझं कपाट भरलं आहे. माणूस मात्र मला या पानांतच भेटला.

१९१७ साली टिळकांनी मिशनची चाकरी सोडली. ‘देवाचा दरबार’ काढायचा, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही ख्रिस्तभक्त असतील, परदेशी पैसा नसेल, साहेबी थाट नसेल, अशी त्यांची कल्पना. त्यासाठी त्यांनी साताऱ्याला बिऱ्हाड हलवलं आणि स्वतःला संन्यासी म्हणवून घेतलं. संन्यास घेणाऱ्याचा संसार चालूच होता, हे सांगायला नको. कल्पना मोठी होती. आमच्या मंडळ्यांत स्वावलंबनावर आजही भाषणं होतात, त्यांतलं बरंचसं टिळक तेव्हाच बोलून गेले होते. पण वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले.

इथून पुढचा काळ मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. बहुतेक चरित्रांत तो चार ओळींत उरकतात. पन्नाशीची विधवा, हाताशी पुंजी नाही. त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचं काम धरलं. म्हणजे पुन्हा चूल, पुन्हा परक्यांच्या मुली. पुढे मुलगा दत्तू, म्हणजे देवदत्त, यांच्या कुटुंबाबरोबर त्या कराचीला गेल्या. तिथल्या मराठी माणसांत वावरल्या. त्या कीर्तनंही करत. बाई कीर्तनाला उभी राहते आणि ख्रिस्ताची कथा सांगते, ही गोष्ट त्या काळात दोन्हीकडच्या लोकांना नवी होती. व्यासपीठ दीक्षितांचं असेल, पण कीर्तनकाराची जागा ज्याला आख्यान लावता येतं त्याची. लक्ष्मीबाईंना ते उपजत येत होतं.

‘स्मृतिचित्रे’ लिहायला सुरुवात झाली ती टिळकांच्या चरित्राला सामग्री म्हणून. देवदत्तांना वडिलांचं चरित्र हवं होतं, आईने आठवणी लिहून द्याव्यात असं ठरलं. आईने लिहायला घेतलं, आणि बघता बघता नवऱ्याच्या चरित्राची सामग्री बाजूला राहून बायकोचं आत्मचरित्र उभं राहिलं. आधी ‘संजीवनी’ साप्ताहिकातून ते येत गेलं, आणि १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूपाने निघालं. वाक्यं बोलल्यासारखी. मोठा शब्द नाही, संस्कृताचा भार नाही. दुःखाची गोष्ट सांगतानाही मध्येच असं काही बोलून जातात की रडणारा हसतो. टिळकांची भक्ती आहे, पण देव्हारा नाही. त्यांचा राग, त्यांचा विसरभोळेपणा, पैशाची उधळपट्टी, सगळं मोकळेपणी सांगितलं आहे. मिशनमधल्या लोकांचे गुण सांगितले तसे दोषही. मंडळीवर प्रेम असलेल्या माणसानेच मंडळीची खोडी काढावी, ती या पुस्तकात भरपूर आहे.

पण याच वर्षांत त्यांच्या समोर दुसरंही काम होतं, आणि ते आता फारसं कुणी वाचत नाही. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ नावाचं महाकाव्य हाती घेतलं होतं. ख्रिस्ताचं चरित्र मराठी ओवीत. त्यांच्या हातून अकरा अध्याय झाले आणि ते गेले. लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. शेवटचा, शहात्तरावा, देवदत्तांनी. १९३८ मध्ये ग्रंथ छापून निघाला तेव्हा लक्ष्मीबाई जाऊन दोन वर्षं झाली होती.

हे चौसष्ट अध्याय म्हणजे काय, याचा अंदाज मराठीत ख्रिस्ताची कथा कुणी कुणी ओवीबद्ध केली ते पाहिल्यावर येतो. पहिले फादर स्टीफन्स. १५७९ मध्ये गोव्यात आलेला हा इंग्रज जेझुइट, इथली भाषा शिकून त्याने ‘क्रिस्तपुराण’ रचलं, आणि ते १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. स्टीफन्स विद्वान, दीक्षित, मागे अख्खा संघ उभा. तीनशे वर्षांनी टिळक. तेही संस्कृतज्ञ, दीक्षित. आणि त्यांचं अर्धवट राहिलेलं काम उचललं ते शाळा न पाहिलेल्या, साठीला टेकलेल्या एका गृहिणीने. वृत्तशास्त्र शिकलेली नाही, ग्रीक-हिब्रू दूरच, मिशनकडून नेमणूक नाही. तिच्यापाशी होतं एवढंच: कानात मुरलेली ओवी आणि हजार पंगती वाढताना झालेली माणसांची ओळख. शुभवर्तमानात जेवणं किती आहेत ते मोजायला गेलं तर थकायला होतं. काना गावचं लग्न, जकातदारांची पंगत, पाच भाकरी, शेवटचं भोजन, किनाऱ्यावर भाजलेली मासळी. आणि त्या काळच्या कर्मठ परुश्यांची तक्रार एकच: हा कुणाबरोबर जेवतो बघा! परुश्यांचं हात धुण्याचं, भांडी धुण्याचं सोवळं ज्यांना वाचून समजावून घ्यावं लागतं अशा टीकाकारांच्या गावीही नसेल ते या बाईला बालपणापासून ठाऊक होतं. जलालपूरच्या घरात तिने परुशी पाहिलेला होता. तो दुष्ट नव्हता, भ्यालेला होता, हेही तिला कळलं होतं.

हयातीत मान मिळाला तो शेवटी शेवटी. १९३३ मध्ये नागपूरला भरलेल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्या वारल्या. १९५० मध्ये ‘स्मृतिचित्रे’चं इंग्रजी भाषांतर इंक्स्टर बाईंनी केलं. पुढे विजया मेहतांनी त्यावर चित्रपट केला आणि सुहास जोशींनी लक्ष्मीबाई उभ्या केल्या. आज मराठीतली उत्तम आत्मचरित्रं मोजायला बसलं की हे नाव पहिल्या दोन-तीनांत येतं.

मान मिळाला, पण वाटून मिळाला. मराठी साहित्यवाल्यांनी विनोद घेतला, भाषा घेतली, वेडसर कवीच्या सोशिक बायकोची गोष्ट घेतली, आणि धर्म तेवढा बाजूला ठेवला. पाठ्यपुस्तकात धडा येतो तो टिळकांच्या फजितीचा. प्लेगच्या छावणीपर्यंत धडा पोचत नाही. उलट आमच्या मंडळीत लक्ष्मीबाईंचं नाव निघतं ते साक्षीपुरतं: ब्राह्मण घरातली बाई ख्रिस्ताकडे आली, एवढं सांगून पाळकसाहेब पुढच्या मुद्द्याकडे वळतात. ब्राह्मण होती याचंच कौतुक जास्त. म्हणजे जी जात तिने पेल्यासकट खाली ठेवली तीच आम्ही तिच्या गळ्यात पुन्हा घालतो. खरंतर तिची साक्ष आम्हा बाकांवर बसणाऱ्यांना जास्त लागू आहे. आमच्यातही महाराने मांगाच्या घरी जेवायचं टाळल्याच्या गोष्टी जुन्या माणसांना आठवतात. तेव्हा सोवळं काही फक्त गोखल्यांच्या घरात नव्हतं.

म्हणून महिला मंडळाच्या बैठकीत मी लक्ष्मीबाई सांगते तेव्हा बाप्तिस्म्याची तारीख सांगत नाही. त्याआधीचा तो विचार सांगते, बोर्डिंगच्या पोरी सांगते, आणि मग ‘ख्रिस्तायना’तला एखादा अध्याय मोठ्याने वाचते. डोळ्यांनी वाचायला तो ग्रंथ लांब वाटतो, मान्य आहे. पण ओवी डोळ्यांसाठी नसतेच. चार बायका बसलेल्या, एकीच्या हातात निवडायची मेथी, एकीच्या मांडीवर नातवंड, अशा बैठकीत तो चालतो. तरुण मुली विचारतात, ही बाई पाळक होती का? नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, मग तिला लिहायला सांगितलं कुणी? कुणी सांगितलं नाही, हेच उत्तर आहे. नवऱ्याचं काम अर्धं राहिलं होतं आणि घरातलं अर्धवट काम टाकून निजायची तिला सवय नव्हती.